मदत हवी आहे: पदकं अभ्यासकाला देताना लेखी काय घ्यावं?

नमस्कार मंडळी. माझ्या संग्रहात पहिल्या महायुद्धातल्या एका ब्रिटिश शिपायाची ब्रिटिश वॉर मेडल, व्हिक्टरी मेडल आणि पे-बुक (शिपायाच्या पगाराची नोंदवही) आहे. पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेलं आहे. अक्षरांच्या खाचांत जुन्या पॉलिशचा पांढरा थर बसलाय.

इतिहासाच्या एका अभ्यासक बाईंना हे सगळं तपासायला हवंय. त्यांचं म्हणणं पटतं: सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात पहिल्या महायुद्धातल्या निम्म्याहून जास्त ब्रिटिश शिपायांचे सेवा-अभिलेख जळाले, त्यामुळे अशी पे-बुकं मोलाची ठरतात. पण मागे एकाने माझ्याकडची पत्रं नेली, लेखात वापरली आणि संग्राहकाचा उल्लेखही केला नाही. ते अजून सलतं. (आपल्या संग्राहकांतलेही काही जण जास्त पैशांसाठी एकाच शिपायाच्या वस्तूंचा संच फोडून सुटा विकतात. अभ्यासक चिडतात ते उगाच नाही.)

वस्तू घरीच ठेवून फक्त फोटो द्यावेत का? उसनवारीच्या करारात श्रेय, मुदत, विमा याबद्दल तुम्ही नेमकं काय लिहून घेता? माझ्याकडे फक्त शेवटच्या विक्रेत्याची पावती आहे. आधीच्या मालकांचा माग कसा काढू? आणि तो पांढरा थर काढू की तसाच ठेवू? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.