कांदळवन लावायला सोलापुरातून बस कशाला?

चाटी गल्ली: गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांतून आमचं मंडळ कोकणात कांदळवन, म्हणजे खाडीकाठची खारफुटीची झाडं, लावायला निघालंय. चाळीस जण, दोन दिवस. माझा विरोध आहे. खारफुटी रोवली तिथे जगतेच असं नाही. भरतीचं पाणी किती वेळ थांबतं, चिखल किती उंच आहे, गोडं पाणी कुठून येतं, यावर कोणती जात तगेल ते ठरतं. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत लावलेली कितीतरी रोपं चुकीच्या जागेमुळेच मेली. पुष्कळदा अडलेली भरतीची वाट मोकळी केली की बी आपोआप येऊन रुजतं.

भीमाकाठ: मग गप बसायचं का? रत्नागिरीतल्या वेळासला बघा की ओ. २००२ पासून कासवांची अंडी राखायलेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं पुढाकार घेतला, तेही गावाबाहेरचेच ना?

चाटी गल्ली: चिपळूण त्याच जिल्ह्यात आहे. आणि ते दोन दिवसांनी परतले नाहीत. घरट्यांवर पहारा गावातल्यांनी दिला, पाहुणे गावातल्या घरांत उतरतात. म्हणून ते टिकलं.

सिद्धेश्वर पेठ: आधी आपल्या सोलापूरच्या कंबर तलावातली जलपर्णी काढा.

वेंगुर्ल्याची लेक: लग्न होऊन सोलापुरात आले, पण माहेर खाडीकाठचं, म्हणून लिहिते. आमच्याकडे ओहोटीला बायका ज्या मोकळ्या चिखलात तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायच्या, तिथेच एका बाहेरच्या संस्थेने रोपं रोवली. कोणाला विचारलं नाही. रोपं पावसाळ्यात गेली, आणि तोवर बायकांची रोजची जागाही अडली. फोटो मात्र छान आले होते. फार लागलं ते मनाला. उलट वेंगुर्ल्यात मांडवी खाडीवर स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत तिवरं, म्हणजे हीच खारफुटी, दाखवतात. ज्यांचं पोट त्यावर आहे, त्या एक फांदी तोडू देणार नाहीत.

भीमाकाठ: ताई, तिसऱ्यांचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. रोपांचा हट्ट सोडतो. बस मात्र रद्द करू नका. आमच्या निम्म्या पोरांनी समुद्र बघितला नाही. त्यांनी कशासाठी जीव तोडायचा? वेंगुर्ल्याला नेऊ, होडीचे पैसे त्या बायकांच्या हातात देऊ.

चाटी गल्ली: याला माझी ना नाही. मंडळाला सांगतो.

वेंगुर्ल्याची लेक: दिवाळीनंतर जा. आणि निघायच्या आधी त्यांना भरतीची वेळ विचारा, खाडीत पाणी नसेल तर होडी चालत नाही.