क्रम चुकला म्हणून रेड जात नाही

जुन्या सर्व्हरच्या डिस्क नव्या मशीनमध्ये हलवताना आधीच्याच क्रमाने लावल्या नाहीत तर रेड (अनेक डिस्क जोडून केलेला एकच साठा) मोडते, असं या चर्चेत दोघांनी म्हटलंय. स्टिकर लावून क्रम लिहून ठेवावा हे मलाही पटतं, पण लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडला धोका तिथे नाही. एमडीएडीएम (ही रेड सांभाळणारं साधन) प्रत्येक डिस्कवर सुपरब्लॉक, म्हणजे ओळखीची नोंद, लिहितं, त्यात डिस्कच्या संचाचा, म्हणजे अ‍ॅरेचा यूयूआयडी (एकमेव ओळख क्रमांक) आणि त्या डिस्कची जागा दोन्ही असतात. केबल कुठल्याही पोर्टला लावा, असेम्बल-स्कॅन कमांड दिली की अ‍ॅरे जुळते.

खरी गडबड नावाची होते. सुपरब्लॉकमध्ये सहसा जुन्या सर्व्हरचं होस्टनेमही (मशीनचं नाव) असतं. नव्या मशीनला ते परकं वाटलं की अ‍ॅरेचं नाव एमडी0 च्या जागी एमडी127 दिसतं, आणि एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय जोडायचं ती यादी) जुनं नाव असेल तर बूट अडकतं. माझ्यासमोर एकाने 'अ‍ॅरे गेली' समजून क्रिएट (नवी अ‍ॅरे बनवायची कमांड) टाइप केलं होतं, एंटरच्या आधी कसाबसा थांबवला. क्रिएट जुन्या सुपरब्लॉकवर नवा लिहितं, कृपा करून ते करू नका! आधी एमडीस्टॅट (अ‍ॅरेची सध्याची स्थिती) बघा, एफएसटॅबमध्ये फाइलसिस्टमचा यूयूआयडी घाला आणि इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लोड होणारी छोटी सिस्टम) अपडेट करा. हार्डवेअर कंट्रोलर (रेड सांभाळणारं कार्ड) असेल आणि त्याने फॉरेन कॉन्फिगरेशन (दुसऱ्या मशीनवरची रेड रचना) दाखवलं, तर इम्पोर्ट निवडा, क्लिअर नाही.