घरच्या काळजीवाहूला सरकारने पैसे द्यावेत का?

सांजवात:
काळजीवाहू म्हटलं की आपल्याला आधी सरकार आठवतं, माणूस नाही. मी माणसाबद्दल लिहितेय. पाठीच्या कण्याला इजा झाल्यापासून माझ्या नवऱ्याला छातीखाली काही जाणवत नाही. रात्री दोनला आणि पहाटे चारला गजर लावून उठते, त्याला कुशीवर वळवते, टाचा आणि माकडहाड बॅटरी मारून बघते. लाल चट्टा बोटाने दाबल्यावरही लालच राहिला, तर समजायचं, जखम धरू लागलीय. हेच काम नर्सने केलं तर पगार, सुट्टी, पेन्शन. मी केलं तर प्रेम!
आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८च्या अहवालात ६४ देशांचा हिशेब आहे: घरकाम आणि काळजीची बिनपगारी कामं मिळून रोज १६.४ अब्ज तास, त्यातले तीन चतुर्थांशाहून जास्त बायकांचे. माझं म्हणणं सरळ आहे. या कामाला भत्ता हवा, आणि तो हक्क म्हणून हवा.

खडूसकाका:
ताई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण घरच्यांनी करायचं नाही तर कोणी? नवराबायकोने एकमेकांचं केलं त्याचं बिल शेजाऱ्याच्या करातून का फेडायचं? आणि कोण किती वेळ उशाशी बसलं ते मोजणार कसं? भत्ता आला की खोटे दाखले आलेच.

सांजवात:
काका, हे जुनंच आहे. ब्रिटनने १९७६मध्ये असा भत्ता सुरू केला, पण लग्न झालेल्या बायकांना वगळून. का, तर त्या तशाही घरीच असणार! १९८६मध्ये युरोपीय न्यायालयाने तो भेदभाव ठरवला, तेव्हा कुठे दार उघडलं. तुमचं "घरच्यांनी" म्हणजे नेमकं कोणी, ते तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं.
बाकी तिथला आजचा नियमही धड नाही. आठवड्याला किमान ३५ तास काळजी घ्यायची, आणि बाहेरची कमाई मर्यादेच्या एक पौंड जरी वर गेली तरी भत्ता पूर्ण बंद. म्हणजे अर्धवेळ नोकरी धरणाऱ्यालाच दणका.

चाकवाली:
दोघांनाही माझा विरोध. मी व्हीलचेअर वापरते, आणि "दिव्यांग" नका म्हणू, अपंग चालेल. इतका वेळ चर्चा चाललीय ती माझी काळजी घेणाऱ्यांची. मी कुठे आहे यात?
भत्ता आईला मिळाला की मी आईच्या उत्पन्नाचं साधन. तिच्याशी भांडण झालं तर मला स्वच्छतागृहात कोण नेणार? संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अपंग हक्क कराराचं १९वं कलम सांगतं की कुठे आणि कोणाबरोबर राहायचं ते मी ठरवणार, आणि त्यासाठी वैयक्तिक मदतनीस मिळायला हवा. स्वीडनमध्ये १९९४पासून तसा कायदा आहे. मदतनीस कोण, ते अपंग माणूस निवडतो. हवं तर घरचंच कोणी.
जपानने २०००मध्ये काळजी विमा, म्हणजे म्हातारपणी लागणाऱ्या काळजीसाठीचा विमा, आणला तेव्हा घरच्यांना रोख द्यायची की सेवा, म्हणजे मदतीला माणूस, यावर मोठा वाद झाला. रोख दिली तर सून घरातच अडकेल, असं तिथल्या स्त्रीवाद्यांनी ठासून सांगितलं. शेवटी सेवाच दिल्या. खर्च निम्मा करातून, निम्मा विमाहप्त्यातून. काका, शेजारी एकटा भरत नाही, चाळिशी ओलांडलेले सगळेच भरतात. म्हातारपण कोणाला चुकलंय?

खडूसकाका:
विम्याचं पटतं थोडंसं. हप्ता भरलाय तर मागायला लाज नाही. पण रोज नवा माणूस घरात? मला नाही चालणार बुवा.

सांजवात:
चाकवाली, भांडणाचं वाचून चरकले. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तरी नुसत्या सेवेवर माझं भागत नाही, रात्री दोनला कोण येतं? जर्मनीत रोख किंवा सेवा, काहीही निवडता येतं. पण रोख सेवेच्या निम्म्याहूनही कमी, म्हणजे घरच्यांचे हात तिथेही स्वस्तच. एक बरं आहे, ठरावीक तास काळजी घेणाऱ्या घरच्यांच्या पेन्शनचा हप्ता काळजी विमा भरतो. मला त्यातलं पेन्शन आधी हवंय. माझी नोकरी सुटली ती सुटलीच.

चाकवाली:
पेन्शनला माझा पूर्ण पाठिंबा. पण मदतनिसाचे पैसे तुमच्या नवऱ्याच्या नावावर. विचारलंत का त्यांना?

सांजवात:
आज सगळा धागा वाचून दाखवला. म्हणाला, "रात्री दोनला परका माणूस मला चालेल." मी गप्प बसले. मला चालेल का, ते अजून कळत नाहीये.