आईच्या हिरडीवर पुटकुळी आहे पण दुखत नाही, दाखवायचं का?

आईची दाढ मागच्या वर्षी जाम ठणकत होती मग आपोआप थांबली, आता तिथेच हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, परत येते. शुगर पण आहे. दुखत नाही म्हणून डॉक्टरकडे यायला तयारच नाही.

>> ताई, दुखणं थांबलं म्हणजे बहुतेक आतली नस मेलीये, बरं झालं असं नाही. पू तिथून बाहेर पडतो म्हणून ठणका कळत नाही. एक्सरे काढाच, नुसत्या अँटीबायोटिकने तात्पुरतं दबतं, शेवटी रूट कॅनल नाहीतर दाढ काढणं.

>> हिरड्यांच्या इन्फेक्शनने शुगर वाढते आणि शुगरने हिरड्या बिघडतात. माझ्या सासूबाईंची मिश्री (दातांना लावायची भाजलेल्या तंबाखूची पूड) आम्ही आधी बंद केली. रक्त येतं म्हणून ब्रश सोडू नका, मऊ घ्या.

>> गालाला सूज, ताप किंवा गिळायला त्रास झाला तर त्याच दिवशी न्या हं.