उन्हाळ्यात परतणारे नैराश्य आणि घरात प्राणी आणण्याचा प्रश्न

अण्णांची लेक

नमस्कार. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. माझे वडील अण्णा आयुष्यभर यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारे कारागीर, होते आणि तीन वर्षांपूर्वी घरी बसले. तेव्हापासून दरवर्षी होळी उलटली की त्यांची झोप तुटू लागते, जेवण निम्म्यावर येते, क्षुल्लक कारणावरून ते चिडतात आणि नंतर दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. मृगाचा पाऊस पडला की हळूहळू माणसांत येतात. यंदा मनोविकारतज्ज्ञांना दाखवले, तेव्हा हे ठरावीक ऋतूत परतणारे नैराश्य असल्याचे सांगून त्यांनी औषधे सुरू केली आहेत.

पुण्यात असलेल्या माझ्या भावाच्या मनात अण्णांसाठी लॅब्रॅडॉरचे पिल्लू आणायचे आहे. आईचा त्याला विरोध आहे. ज्या माणसाला स्वतःचे ताट पुढे ओढवत नाही, त्याच्या गळ्यात आणखी एक जीव कशाला बांधायचा, असे ती विचारते आणि मला तिचेही म्हणणे खोडून काढता येत नाही. प्राण्याच्या सोबतीने असा आजार खरोखर हलका होतो का? शिवाय हा आजार थंड देशांतल्या हिवाळ्याचा आहे असे वाचले होते. मग तो आमच्या घरी ऐन उन्हाळ्यात कसा येतो?

मानसशास्त्राची अध्यापिका

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याच्या उत्तरावर पहिल्याचे उत्तर अवलंबून आहे. नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये अमेरिकेत या विकाराचे जे वर्णन प्रसिद्ध केले, ते मुख्यतः हिवाळ्यातल्या नैराश्याचे होते. त्यात रुग्ण जास्त झोपतो, गोड आणि पिठूळ पदार्थ अधिक खातो आणि त्याचे वजन वाढते. उन्हाळ्यात येणारा प्रकार तुलनेने विरळा आहे आणि त्याची लक्षणे जवळजवळ उलटी असतात: झोप उडते, भूक मरते, जीव तगमगतो. अण्णांचे आपण केलेले वर्णन याच्याशी जुळते. सोलापुरात वर्षातला सर्वांत लहान दिवसही सुमारे 11 तासांचा असतो आणि सर्वांत मोठा सुमारे 13 तासांचा, त्यामुळे उत्तरेकडच्या देशांप्रमाणे येथे प्रकाशाची टंचाई होत नाही. एप्रिल आणि मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर राहतो, रात्रीही भिंती तापलेल्या असतात आणि अशा वेळी सलग मोडणारी झोप मनाला फार महागात पडू शकते. म्हणून हिवाळी नैराश्यासाठी वापरली जाणारी 10,000 लक्स (प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एकक) प्रकाशाची पेटी कोणी सुचवली, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती आणू नये.

आता प्राण्यांविषयी. बोरिस लेव्हिन्सन या अमेरिकी बालमानसशास्त्रज्ञांच्या खोलीत त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा होता. मिटून गेलेला एक मुलगा माणसांपाशी बोलेना, परंतु त्या कुत्र्यापाशी मोकळा झाला. या अनुभवातून त्यांनी 1962 मध्ये कुत्र्याला उपचारातला सहकारी मानणारा लेख लिहिला आणि या विषयाला अभ्यासाची दिशा मिळाली. त्यानंतरच्या संशोधनाचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. काही पाहण्यांत प्राणी पाळणाऱ्यांचे नैराश्य कमी आढळले, तर काहींत फरक दिसला नाही. माझ्या मते लाभ होतो तो बहुधा प्राण्याच्या वेळापत्रकामुळे. नैराश्यात माणूस ‘बरे वाटले की उठेन’ म्हणून थांबतो आणि ते बरे वाटणे येतच नाही. उपचारात आम्ही क्रम उलटा करतो, म्हणजे आधी छोटी कृती ठरलेल्या वेळी करायची आणि मनाला तिच्या मागून येऊ द्यायचे. सकाळी सहाला भुकेने ओरडणारा जीव ही कृती आपल्याकडून करून घेतो. तो सल्ला देत नाही, तब्येतीची चौकशी करत नाही आणि ‘मन घट्ट कर’ असेही म्हणत नाही, हेही रुग्णाला फार मोठे सुख असते.

जुळे सोलापूरकर

मी स्वतः या आजारातून गेलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझ्याकडे सहा वर्षांपासून एक गावठी कुत्री आहे. ती आली तेव्हा मी बँकेची नोकरी सोडून घरात कोंडून घेतले होते. तिला पहाटे बाहेर न्यावेच लागे, म्हणून मी पाचला उठून कंबर तलावाच्या बाजूला जाऊ लागलो. तेथे रोज दिसणारी माणसे आधी तिच्याशी आणि मग माझ्याशी बोलू लागली. कोणाशी तरी चार वाक्ये बोलून घरी येणे मला तब्बल आठ महिन्यांनी जमले होते.

पण त्याच वर्षी माझी मोठी चूक झाली. बरे वाटू लागल्यावर आता कुत्री आहे, गोळ्या कशाला, असे ठरवून मी औषधे परस्पर बंद केली. दोन महिन्यांत आजार परतला आणि तो पहिल्याहून वाईट होता. त्या दिवसांत कुत्रीच्या पोटाला माझ्या आईने घातले. ती नसती तर त्या मुक्या जिवाचे काय झाले असते, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो. म्हणून आपल्या आईंची शंका मला अतिशय रास्त वाटते. अण्णा पडून राहतील त्या दिवशी प्राण्याचे कोण पाहील, हे नाव ठरल्याशिवाय काहीही आणू नका.

लॅब्रॅडॉरविषयी आणखी सांगतो. दाट केसांच्या कुत्र्याला आपला उन्हाळा फार जड जातो. त्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच त्याला शरीर थंड करावे लागते. तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेववत नसेल, तर त्या रस्त्यावर त्याचे पाय भाजतात. आणि अण्णांचे वाईट दिवस नेमके याच महिन्यांत येतात. पिल्लू तर वर्षभर माणसाला झोपू देत नाही.

मंगळवेढ्याची सून

कुत्र्याचा व्याप नको असेल तर पोपट आणावा, असे मला वाटते. माझे सासरे गोठ्यातल्या पंढरपुरी म्हशींत रमत असत. शहरात आल्यावर त्यांना पोपटाने फार सोबत केली.

मानसशास्त्राची अध्यापिका

आपल्या सासऱ्यांना सोबत मिळाली हे वाचून बरे वाटले, परंतु आपल्याकडचे देशी पोपट पिंजऱ्यात पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे हा मार्ग कोणी घेऊ नये.

जुळे सोलापूरकरांनी औषधांबद्दल जे लिहिले त्याला जोडून एक सांगते. मनोविकारावरील काही औषधांमुळे उष्णता सोसण्याची शरीराची क्षमता कमी होते, तेव्हा अण्णांनी उन्हात किती फिरावे हे डॉक्टरांना अवश्य विचारा. आणि जगणे नकोसे झाल्याची भाषा त्यांनी एकदा जरी केली, तरी पुढच्या भेटीची वाट पाहू नका. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालू असतो.

अण्णांची लेक

सर्वांचे मनापासून आभार. आईला हे सगळे वाचून दाखवले. भावानेही पिल्लाचा विचार सोडला आहे.

एक गोष्ट मी प्रश्नात लिहिली नव्हती, कारण ती महत्त्वाची वाटली नव्हती. आमच्या जिन्याखाली महिनाभरापासून एक करड्या रंगाची मांजर येते. काल आईने सांगितले की, अण्णा रात्री उठून तिच्यासाठी परळात पाणी भरून ठेवतात आणि दुपारी जेवताना पोळीचा तुकडा बाजूला काढतात. त्या तुकड्यासाठी का होईना, ते ताटावर बसतात. तिला घरात घ्यायचे की जिन्याखालीच राहू द्यायचे हे आम्ही अण्णांवर सोपवले आहे. रेबीजची लस टोचून घेणे आणि नसबंदीच्या शस्त्रक्रियेचे पाहणे माझ्याकडे, आणि अण्णांना जमणार नाही त्या दिवशी वाटी आई भरेल. शनिवारी जनावरांच्या दवाखान्यात जायचे आहे. रस्त्यावरची मांजर पिशवीत कशी घालावी, हे कोणाला ठाऊक असल्यास कृपया कळवावे.

जुळे सोलापूरकर

पिशवी नको, ती गुदमरेल. झाकणाची प्लास्टिकची टोपली घ्या, तिच्यात अण्णांचा जुना सदरा अंथरा आणि दोन दिवस आधीपासून खाणे त्या टोपलीतच ठेवा. शनिवारी सकाळी नऊच्या आत निघा.