पाणीसुद्धा ठरत नाही तेव्हा: गरोदरपणातल्या जोरदार उलट्या (अनुभव धागा, सोलापूर)

धागा सुरू करताना

‘डोहाळे कडक आहेत, होतं असं’ म्हणून सोडून दिलेल्यांत काही जणींना खरा आजार असतो. त्याचं नाव हायपरएमेसिस ग्रॅव्हिडेरम. साधी मळमळ 6व्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, 9व्याच्या सुमारास शिगेला पोचते आणि बहुतेकींची 16 ते 20 आठवड्यांत उतरते. आजारात वजन घटतं, लघवी आटते, पाणी पोटात ठरत नाही. वारेतून येणारं जीडीएफ15 नावाचं संप्रेरक मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला चेतवतं. गरोदरपणाआधी ज्यांच्या रक्तात ते कमी असतं त्यांना त्याचा दणका जास्त बसतो, असं 2023 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. ‘सगळं मनाचं आहे’ म्हणणाऱ्या मावशींना एवढं सांगून टाका.

विनंती एकच: स्वतःची कहाणी नको. काय करायचं, किती आणि कुठं चुकतं ते लिहा.

प्रसूती वॉर्डातली सिस्टर, सात रस्ता

आधी मोजायला शिका. वजन एकाच काट्यावर, सकाळी लघवी करून आल्यावर, आठवड्यातून दोनदा. गरोदरपणाआधीच्या वजनाच्या 5 टक्के उतरलं की घरी थांबू नका. 50 किलोच्या बाईला ही खूण अडीच किलोवर येते. ‘आहेच बारीक’ म्हणून तिकडे काणाडोळा होतो.

दुसरं, लघवी. आठ तास झाली नाही किंवा गडद चहासारखी झाली, 24 तासांत काहीच पोटात ठरलं नाही, उलटीत रक्त, ताप, पोटात दुखणं, उठताना अंधारी: यातलं एक जरी असेल तरी दवाखाना. ‘लघवीतले किटोन दाखवणारी पट्टी कोरी आली, मग काही नाही’ असा हिशेब करू नका. पट्टीवरून पाणी किती कमी झालंय ते कळत नाही.

उलट्या पहिल्यांदाच तिसरा महिना उलटल्यावर सुरू झाल्या तर त्या गरोदरपणाच्याच असतील असं धरून चालू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, पित्ताशय, अपेंडिक्स पाहावं लागतं. सुरुवातीपासूनच फार जोर असेल तर सोनोग्राफी हवी, कारण जुळं किंवा द्राक्षगर्भ (वारेत द्राक्षांसारखे फोड वाढणं) निघू शकतो. रक्ततपासणीत थायरॉइडचा टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) कमी आला तर घाबरू नका. या आजारात तो तात्पुरता कमी येतो आणि बहुतेक वेळा त्याला गोळी लागत नाही.

मेडिकल दुकानातून, नवी पेठ

डॉक्टर बहुधा पहिली लिहून देतात ती डॉक्सिलामाइन 10 मिग्रॅ आणि पायरिडॉक्सिन 10 मिग्रॅची गोळी. सुरुवात रात्री झोपताना दोन गोळ्यांनी होते. कमी पडलं तर सकाळची एक, मग दुपारची एक, म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त चार. वाढवायचं ते डॉक्टरांना विचारूनच.

लोक चुकतात कुठं? उमासे सुरू झाल्यावर गोळी घेतात. तिच्यावरचं आवरण हळू विरघळतं, त्यामुळं रात्रीची गोळी सकाळच्या मळमळीला लागू पडते. ती रोज वेळेवर घ्यायची, त्रासाची वाट बघत नाही. चावली किंवा कुटून दिली की आवरणाचा उपयोगच गेला. दोन दिवस बरं वाटलं म्हणून मनानं बंद केली की तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. गुंगी येते, म्हणून गाडी चालवू नका.

उलटी थांबवणाऱ्या ऑन्डॅन्सेट्रॉनची जिभेवर विरघळणारी गोळी फॉइलमधून दाबून काढली तर तुकडे होतात. फॉइल सोला आणि हात कोरडा ठेवा. ती बद्धकोष्ठता करते आणि पोट साफ नसलं की मळमळ वाढते, मग लोक म्हणतात औषधच बाधलं. पहिल्या 12 आठवड्यांत ती द्यायची का, हे डॉक्टर बाकीची औषधं पाहून ठरवतात. कारण बाळाच्या ओठ-टाळूच्या दोषाचा धोका अगदी थोडा वाढतो, दहा हजारांत सुमारे तीन. मेटोक्लोप्रमाइड या उलटीवरच्याच दुसऱ्या औषधानंतर मान किंवा जबडा वाकडा होऊ लागला, डोळे वर गेले, तर पुढचा डोस न देता थेट दवाखाना.

लोहाची गोळी मळमळ वाढवते. सरकारी वेळापत्रकातही ती दुसऱ्या तिमाहीपासून असते, त्यामुळं थोडी उशिरा सुरू करायची का हे विचारायला हरकत नाही. फॉलिक ॲसिड मात्र सोडायचं नाही. ती गोळी एवढीशी असते, बहुतेकींना ठरते.

आहार बघणारी, जुळे सोलापूर

रिकामं पोट हा शत्रू. दर दीड-दोन तासांनी दोन घास, रात्री जाग आली तरी. उशाशी डब्यात कडक भाकरी ठेवा. आपल्याकडं ती महिनाभर टिकते आणि पापडासारखी मोडते. दोन बोटांएवढा तुकडा पडल्या पडल्याच चावून खा, पंधरा मिनिटं तशाच पडून राहा, मग पाय खाली. तीळ लावलेली नको, खरपूस वासानं काहींना उमळतं. आणि आठवडाभर ओकून घसा सोलवटलेला असेल तर कडक भाकरी काचेसारखी लागते. अशा वेळी ज्वारीच्या लाह्या किंवा साधे चुरमुरे. शेंगा चटणी नको, तिच्यात लसूण. नुसते भाजलेले शेंगदाणे दहा-बारा चालतात.

घन आणि द्रव एकत्र नको, मध्ये अर्धा तास जाऊ द्या. जेवण कोमट नाही, गारच. गार अन्नाला वास कमी. फोडणी घालताना तिला स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला नाही, गच्चीवर पाठवा.

पाण्याचं गणित: 5 मिलीचा एक चमचा, दर पाच मिनिटांनी. तासाला 60 मिली होतात. उलटी झाली तर दहा-पंधरा मिनिटं थांबून पुन्हा एक चमचा. दोन तास ठरलं की दोन चमचे. जागेपणीच्या पंधरा तासांत चमच्या-चमच्यानं 900 मिलीच होतात आणि एप्रिल-मे मधल्या आपल्या 42 अंशांत ते पुरत नाहीत. चमच्याच्या पुढं जाता येत नसेल तर सलाईनची वेळ झाली.

ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच. अर्धं पाकीट पेल्यात ओतलं तर ते खारट होऊन उलटी आणतं. कालवलेलं 24 तासांनी फेकायचं. त्यातलंच थोडं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून खडे चघळायला द्या, गार डाळिंबाचे दाणेही. दाणे चोखून चोथा थुंकला तरी चालतो. नावात ओआरएससारखी अक्षरं असलेली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

सोलापूरच्या पाण्याबद्दल, होटगी रोडवरून

नळ चार-पाच दिवसांनी येतो, पिंपातलं पाणी वास मारतं आणि ब्लीचिंगचा वास वेगळाच. पाणी उकळून, गार करून, झाकणाच्या तांब्यात फ्रिजमध्ये. झाकणाच्या पेल्यातून स्ट्रॉनं प्यायलं की नाकापर्यंत वास जात नाही. लिंबाची चकती टाका.

उलटीनंतर लगेच ब्रश नको, आम्लानं मऊ झालेले दात झिजतात. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चुळा, ब्रश अर्ध्या तासानं. लाळ फार सुटत असेल तर गिळू नका, डबा जवळ ठेवा. गिळलेली लाळच पुन्हा उमळते.

पुन्हा सात रस्ता

सलाईनबद्दल राहिलं. दोन-तीन आठवडे ओकणाऱ्या बाईला आधी थायमिन, म्हणजे बी1, मग ग्लुकोज. थायमिनशिवाय डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजच, चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते: एकाचे दोन दिसणं, डोळे थरथरणं, झोक जाणं, बडबड. गल्लीत ‘ताकदीची पिवळी बाटली’, म्हणजे जीवनसत्त्वं मिसळलेलं सलाईन, मागितली जाते. बाटली पिवळी दिसली म्हणजे पुरेसं थायमिन गेलं असं नाही. ‘थायमिन दिलंय का’ एवढंच विचारा. यात सहसा नॉर्मल (ग्लुकोज नसलेलं) सलाईन लागतं, त्यात गरजेप्रमाणे पोटॅशियम. त्यानं हात जळजळला तर सिस्टरला सांगा, वेग कमी करता येतो. स्वतः नळीवरच्या चाकाला हात लावू नका. दिवस दिवस पडून असलेल्या बाईची एकच पोटरी सुजली, दुखली तर रक्ताची गुठळी असू शकते, लगेच दाखवा.

सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, गरोदर बाईला औषधं, तपासण्या, जेवण मोफत आहे. गाडीसाठी 102 किंवा 108. मोहोळ, अक्कलकोटकडून एसटीनं आणू नका, रस्त्यातच अर्धं पाणी जातं.

आशा कार्यकर्ती, पूर्व भाग

विड्या वळणाऱ्या घरांसाठी. निकोटीन ओल्या हातातून कातडीत शिरतं आणि पानं तर भिजवलेलीच असतात. त्यात तंबाखूची धूळ. अशा घरात औषध लागू पडत नाही म्हणून तक्रार येते, कारण तंबाखूचं सूप मांडीवरच असतं. बाईनं वळणं थांबवायचं. घरातल्या दुसऱ्या अक्कांनी वळलं तर तंबाखू घट्ट झाकणाच्या डब्यात, चाळणं अंगणात, आणि हात साबणानं धुऊन, साडी बदलूनच तिच्या जवळ. ती झोपते त्या खोलीत पानांची पोती नकोत. हजार विड्यांमागे मिळणारी मजुरी बुडते हे खरं. तेवढे आठवडे तिच्या वाटचं काम सासू-जावा वाटून घेतात का, ते मी घरी जाऊन विचारते आणि दर महिन्याच्या 9 तारखेच्या सरकारी गरोदर तपासणीला तिला सोबत नेते.