‘आरोप निराधार आहेत’: खासदाराचा हा नकार वाचायचा कसा?

मंजिरी_द
ब्रिटनमधल्या लॉबिंग प्रकरणांबद्दल, म्हणजे खासदारांनी पैसे घेऊन कुणासाठी तरी सरकारदरबारी वजन वापरण्याबद्दल, सध्या वाचतेय. नील हॅमिल्टन आणि ओवेन पॅटरसन, दोघांनीही आरोप ठामपणे फेटाळले. पण इन्कार खरा माणूसही करतो आणि खोटाही, आणि शब्द जवळजवळ तेच असतात. मग आपल्यासारख्या बाहेरच्या वाचकाने काय बघायचं?

तपासनीस
मंजिरीताई, माझी नोकरी हिशेब तपासण्यात गेली, त्यामुळे नकार नेमका कशाचा आहे ते मी आधी बघतो. हॅमिल्टन म्हणत होते, पैसे घेतलेच नाहीत. पॅटरसन म्हणत होते, पैसे घेतले, खासदारांनी आपली कमाई दाखवायच्या संसदेच्या नोंदवहीत नोंदवले, आणि जे केलं ते लोकांच्या भल्यासाठी केलं. या दोन दाव्यांचे कागद वेगळे असतात.

हॅमिल्टन यांचं प्रकरण ऑक्टोबर १९९४ मध्ये ‘द गार्डियन’ने बाहेर काढलं. हॅरॉड्सचे मालक मोहम्मद अल फायेद यांच्यासाठी संसदेत प्रश्न विचारायला पैसे घेतल्याचा आरोप होता. टिम स्मिथ या दुसऱ्या खासदाराने पैसे घेतल्याचं कबूल करून मंत्रिपद सोडलं. हॅमिल्टन यांनी वृत्तपत्रावर दावा लावला आणि १९९६ मध्ये सुनावणीच्या तोंडावर मागे घेतला. रोख पाकिटाची पावती नसते, म्हणून असा आरोप सिद्ध करणं फार कठीण. पण अल फायेद यांच्याच मालकीच्या, पॅरिसच्या रिट्झ हॉटेलातला १९८७ चा फुकट मुक्काम नाकारता येण्यासारखा नव्हता, आणि तो त्यांनी नोंदवलेला नव्हता. मी असतो तर तिथूनच सुरुवात केली असती. एवढी गोष्ट लपवणाऱ्याच्या बाकीच्या नकाराला किती वजन द्यायचं? १९९७ मध्ये खासदारांच्या वर्तनाची चौकशी करणारे संसदेचे आयुक्त गॉर्डन डाउनी यांच्या चौकशीचा निष्कर्षही त्यांच्या विरोधातच गेला.

पॅटरसन यांनी मात्र रँडॉक्स (चाचणी तंत्रज्ञान) आणि लिन्स कंट्री फूड्स (मांस उत्पादनं) या कंपन्यांकडून मिळणारं मानधन नोंदवहीत दाखवलं होतं, वर्षाला एक लाख पौंडांहून जास्त. बरेच जण इथेच फसतात. नोंद केली म्हणजे ते काम करायला परवानगी मिळाली असं होत नाही. ज्याच्याकडून पैसे घेता त्याच्यासाठी मंत्र्यांकडे किंवा सरकारी यंत्रणेकडे शब्द टाकायचा नाही, हा नियम स्वतंत्र आहे. त्यांनी अन्न मानक संस्थेशी आणि मंत्र्यांशी अनेकदा संपर्क साधला होता, आणि काही ई-मेलमध्ये कंपनीशी असलेला संबंध सांगितलाच नव्हता. नोंदवहीत आहे पण पत्रात नाही. समोरचा अधिकारी नोंदवही उघडून बसलेला नसतो!

सई
पण काका, रँडॉक्सच्या चाचणीत दुधात प्रतिजैविकांचे अंश सापडले, ते त्यांनी कळवलं. खासदाराने गप्प बसायचं होतं का?

तपासनीस
नाही, सई. तुझा प्रश्न रास्त आहे आणि नियमात त्यासाठी सवलतही आहे. गंभीर गैरप्रकार दिसला तर कळवता येतो. पण त्या सवलतीच्या आडून कंपनीचं तंत्रज्ञान पुढे रेटता येत नाही. खासदारांच्या वर्तनावर देखरेख करणाऱ्या संसदीय समितीने पॅटरसन यांचा बचाव मान्य केला नाही आणि ३० दिवसांचं निलंबन सुचवलं. मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. ३ नोव्हेंबर २०२१ ला सत्ताधारी पक्षाने ते निलंबन अडवून चौकशीचे नियमच बदलायचा ठराव २५० विरुद्ध २३२ मतांनी मंजूर करून घेतला. आपला माणूस सापडला म्हणून तपासणीच बदलायची! दुसऱ्याच दिवशी सरकारला माघार घ्यावी लागली आणि पॅटरसन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या नॉर्थ श्रॉपशर मतदारसंघात २०१९ ला त्यांना जवळपास २३ हजारांचं मताधिक्य होतं. डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत ती जागा लिबरल डेमोक्रॅट पक्षाने जिंकली.

धोंडोपंत_जोशी
आपल्याकडेही १९५१ मध्ये एच. जी. मुदगल यांचं प्रकरण झालं. मुंबईच्या सराफ बाजाराच्या संघटनेसाठी संसदेत काम करून पैसे घेतल्याचा ठपका होता. चौकशीचा ठराव खुद्द नेहरूंनी मांडला, आणि मुदगल त्यांच्याच पक्षाचे होते. बडतर्फीचा निर्णय व्हायच्या आत मुदगल यांनी राजीनामा दिला.

मंजिरी_द
धन्यवाद सगळ्यांना. तपासनीसकाका, ती नोंदवही आपल्याला बघता येते का?

तपासनीस
येते. ब्रिटिश संसदेच्या संकेतस्थळावर आहे. नवा व्यवहार २८ दिवसांत नोंदवावा लागतो. जुन्या आवृत्त्याही तिथेच सापडतील. चौकशी अहवालांना पत्रव्यवहार जोडलेला असतो, त्यातल्या तारखा नोंदवहीशी लावून बघा. आधी पॅटरसन यांचा अहवाल घ्या, हॅमिल्टन यांचा फार लांबलचक आहे.